माळावर काय आहे म्हणता?

पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांकडूनच अलीकडे एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. माणसाचा हात न लागलेली जंगले आता मोजकीच उरली आहेत; ती वाचवायची तर बाकीच्या जमिनीबद्दल फार हळवे होऊन चालणार नाही. कारखाने, रस्ते, सौर पॅनेल कुठेतरी जाणारच. ते सह्याद्रीच्या रानात घुसण्यापेक्षा सोलापूर-नगर-सांगलीकडच्या उजाड माळांवर गेले तर बिघडले कुठे? तिथे आहे काय? शेळ्या-मेंढ्यांनी खाऊन बोडकी केलेली जमीन. आणि प्रकल्प न्यायचे नसतील तर निदान झाडे लावा, म्हणजे मुळात जे जंगल होते ते परत येईल.

हे बोलणारी माणसे वाईट नसतात. पावसाळ्यात पदरमोड करून रोपे लावणारी, मुलांना डोंगरावर नेऊन बीजगोळे फेकायला लावणारी, वाघ मेल्याच्या बातमीने हळहळणारी अशीच ती असतात. म्हणून तर या युक्तिवादाला उत्तर द्यायला हवे. बिल्डरने माळाला उजाड म्हटले तर त्याचा हेतू उघड असतो. निसर्गप्रेमीने म्हटले की त्याच शब्दाला साक्षीचे वजन येते. माझा आक्षेप असा आहे की 'अस्पर्श' निसर्गाची ही भक्तीच माळाच्या मुळावर आली आहे. महसूलचे दप्तर माळाला पडीक म्हणते, निसर्गप्रेमी त्याला बिघडलेला म्हणतो, आणि दोघांच्या एकमतातून जेसीबी आत शिरतो.

आधी तिथे काय आहे ते पाहू. जेजुरी-मोरगाव-सुप्याचा पट्टा घ्या, इंदापूर-बारामतीकडची राने घ्या, माण-खटाव घ्या, जत घ्या, सोलापूरजवळचे नान्नज घ्या. वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही मनाला येईल तेव्हा. खाली काळा पाषाण, वर वीतभर मुरमाड माती. मे महिन्यात एसटीच्या खिडकीतून हा मुलूख डोळ्यांत भरत नाही, हे खरे. पण मे महिन्यात आणि तेही खिडकीतून जमीन जोखायची असेल, तर कोकणातली भातखाचरेसुद्धा पडीकच ठरतील.

पावसाळा सरताना याच माळावर उतरून पाहावे. कुसळी, मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी ही गवते पोटरीला, कुठे गुडघ्याला लागतात. मधूनमधून हिवर, तरटी, बोर, हेंकळ. कुसळीचे एक बी तळहातावर घेऊन पाहण्यासारखे असते. टोकाला सुई, सुईला उलटे केस, मागे लांब पिळाची शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, ऊन पडले की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यात बी स्वतःला जमिनीत भोक पाडून आत घालून घेते. उलट्या केसांमुळे ते मागे येत नाही. मेंढीच्या लोकरीत अडकले तर कैक मैल चालून जाते. मेंढपाळ कुसळीला शिव्याच घालतो, कारण हीच सुई जनावराच्या कातडीत आणि त्याच्या स्वतःच्या पायातही जाते. पण फुलोऱ्याआधी हेच गवत त्याच्या जनावरांना हवे असते.

उन्हाळ्यात माळटिटवी याच जागी अंडी घालते. घरटे म्हणावे असे काहीच नसते. उघड्या मुरमात एक उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि आत मुरमाच्याच रंगाची तीन-चार अंडी. तिला लपायला झुडूप नको असते. येणारा कुत्रा, कोल्हा, माणूस दुरून दिसावा एवढीच तिची गरज, आणि ती मोकळ्या जागेतच भागते. अशा जागी दहा-दहा फुटांवर रोपे लावली की कावळ्याला बसायला फांदी मिळते आणि टिटवी निघून जाते. धाविक, चंडोल, पखुर्डी यांचीही गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी रात्रीचा मुक्काम झाडावर करत नाहीत, गवतात जमिनीवर करतात. चिंकारा, काळवीट, खोकड, तरस आणि लांडगा हे सगळे या उघड्या मुलखाचेच रहिवासी. वाघांची २०२२ ची गणना सरासरी ३,६८२ चा आकडा देते. भारतीय लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे. म्हणजे लांडगा वाघापेक्षा कमीच. पण वाघासाठी राष्ट्रीय प्राधिकरण आहे; लांडग्याचा संसार बव्हंशी अभयारण्यांच्या बाहेर, गायरानात आणि शेताच्या बांधाला चालतो, म्हणून त्याचे नाव मेंढरू मारले की मगच छापून येते.

एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या अभ्यासकांनी उपग्रहचित्रांवरून देशातल्या अशा खुल्या परिसंस्थांचा नकाशा केला. त्यात देशाच्या भूभागाचा साधारण दहावा हिस्सा आला. त्यातला पाच टक्केही संरक्षित क्षेत्रांत नाही. उरलेल्याचा मोठा भाग सरकारी नकाशात पडीक म्हणूनच रंगवलेला आहे.

आता 'मुळात इथे जंगल होते, मेंढरांनी खाल्ले' हा मुद्दा. शाळेच्या पुस्तकापासून वनमहोत्सवाच्या भाषणापर्यंत तो इतक्यांदा सांगितला गेला आहे, की त्याला पुरावा मागायचे कुणाला सुचतच नाही. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तो मागितला, आणि शोधला कुठे तर आपल्याच जुन्या मराठी वाङ्मयात. ओव्या, संतचरित्रे, लोककथा, स्थळांची माहात्म्ये असे तेराव्या शतकापर्यंत मागे जाणारे साहित्य त्यांनी वनस्पतींच्या उल्लेखांसाठी चाळले. चव्वेचाळीस रानवनस्पती सापडल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश खुल्या गवताळ-काटेरी मुलखाच्या. साडेसातशे वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्राचा हा अवर्षणी भाग साधारण आजच्यासारखाच दिसत होता, असा त्याचा अर्थ. झाडी होती, पण विरळ आणि काट्यांची.

खरे तर हे आपल्याला ठाऊक असायला हरकत नव्हती. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात कान्होपात्रेच्या समाधीशी कोणते झाड सांगतात? वड नाही, पिंपळ नाही, माळावरची तरटी. जेजुरीचा देव घोड्यावर बसतो, कुत्रा बाळगतो आणि धनगराची बाणाई करून आणतो. बिरोबा मेंढरांत रमणारा. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक याच देवांच्या मागे धनगरवाड्यांतून हिंडले आणि त्यांनी ओव्या लिहून घेतल्या. त्या देवांचा सगळा मुलूख गवताचा, खडकाचा आणि वाटांचा आहे. घनदाट अरण्य तोडून ओसाड केलेल्या जागेत एवढे जुने, एवढे भरलेले दैवत-जग उभे राहत नाही.

याचा अर्थ आजचा प्रत्येक माळ प्राचीन आहे असा नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी कोळशासाठी आणि लाकडासाठी तोडलेली राने आहेतच. तिथे झाडे परत यावीत यात वाद नाही. कोणता माळ मूळचा आणि कोणता तोडीनंतरचा, हे तिथली गवते आणि झुडपे ओळखणारा माणूस सांगू शकतो. माझी तक्रार एवढीच की त्याला कुणी विचारत नाही. रोपवाटिकेत रोपे तयार असतात, उद्दिष्ट वरून आलेले असते आणि खड्डे घेण्याची तारीख ठरलेली असते.

या घाईचे मूळ हिशेबात आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती निरुपयोगी, हा इंग्रजी अमदानीतला महसुली दृष्टिकोन स्वातंत्र्यानंतरही तसाच चालू राहिला. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पडीक जमीन नकाशासंग्रहात देशाची ५.५७ कोटी हेक्टरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ सतरा टक्के जमीन 'पडीक' दाखवली आहे, आणि त्यात झुडपी माळ व गवताळ प्रदेश आहेत. एकदा जमीन त्या रकान्यात गेली की तिच्यावर काहीही करणे ही सुधारणाच ठरते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये दोन कोटी झाडे, मग चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले. एवढी झाडे लावायला जागा कुठे असते? दाट जंगलात नसते. बागायतदार उसात लावू देत नाही. उरतो माळ. मग गिरिपुष्पाच्या रांगा तिथे उभ्या राहतात. गिरिपुष्प हे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे झाड, तग धरते, आकड्यात जमा होते, आणि त्याच्या सावलीत गवत मागे पडते. केंद्राच्या हरित पत योजनेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलेल्या पद्धतीत तर झुडपी आणि पडीक जमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडे ही अट घातली होती. पाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात हेक्टरी अकराशे! हा आकडा ठरवणाऱ्याने जतचा माळ उन्हाळ्यात पाहिला असता तर पेन खाली ठेवले असते.

झाडे लावून माळ सुधारण्याचा मोठा प्रयोग कच्छच्या बन्नीत होऊन गेला आहे. हा आशियातल्या मोठ्या गवताळ प्रदेशांपैकी एक, सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा. खारेपणा पुढे सरकू नये म्हणून १९६१ मध्ये वनखात्याने तिथे एकतीस हजारांवर हेक्टरांत विलायती बाभूळ लावली. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात, तिकडे 'गांडो बावळ'; अर्थ तोच. तिने पुढे बन्नीचा निम्मा-अधिक भाग व्यापला, गवत हटले, म्हशींवर जगणारे मालधारी कोळसा भट्ट्यांकडे वळले. आता तीच बाभूळ उपटण्यावर खर्च चालू आहे. आपण मात्र तोच धडा नव्याने गिरवण्याच्या तयारीत आहोत, फक्त झाडाचे नाव बदलून.

'अस्पर्श' या कसोटीकडे वळतो, कारण सगळ्या गोंधळाच्या तळाशी तीच आहे. ज्या अमेरिकेने ही कल्पना जगाला दिली, तिथेच ती पायाशी पोकळ निघाली. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीतल्या मूळ रहिवाशांना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने हुसकावले; त्यानंतर आलेले पाहुणे त्या दरीच्या कुरणांवर भाळले आणि निसर्गाने स्वतः मांडलेली बाग म्हणून त्यांचे वर्णन करू लागले. ती कुरणे उघडी राहिली होती ती त्या हुसकावलेल्या लोकांनी वर्षानुवर्षे लावलेल्या वणव्यांमुळे. वणवे थांबले, आणि सूचिपर्णी झाडांनी कुरणे गिळायला सुरुवात केली. तरीही १९६४ च्या अमेरिकी कायद्याने रानाची व्याख्या केली ती अशी, की माणूस तिथे पाहुणा असेल, राहणारा नसेल. रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये या कल्पनेची भारतात आयात झाली तर गरिबांचे काय होईल ते लिहिले. विल्यम क्रोनन या अमेरिकी इतिहासकाराने १९९५ मध्ये घरातूनच तिच्यावर बोट ठेवले. वाद तिकडे जुना झाला. आपल्याकडे मात्र ती कल्पना अजून कोरी करकरीत वापरात आहे.

तिचा भारतातला सर्वांत महागडा धडा भरतपूरचा. केवलादेवची पाणथळ जागा माणसाने बांध घालून तयार केलेली, राजेरजवाड्यांच्या बदकशिकारीची. शेजारच्या गावांच्या म्हशी तिथे चरत. पक्षितज्ज्ञांचा सल्ला असा होता की चराई थांबवा म्हणजे पक्षी वाढतील. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर बंदी अमलात आणली, गावकऱ्यांचा विरोध झाला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. आणि झाले काय? म्हशी खात होत्या ते पाणगवत आता मोकाट वाढले, त्याने पाण्याचा पृष्ठभाग झाकला, पाणपक्ष्यांना पोहायला आणि मासे धरायला जागा राहिना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दहा वर्षांच्या अभ्यासाने हे सांगितले. ज्या संस्थेच्या लोकांनी चराईबंदी मागितली होती, तिनेच निष्कर्ष उलटा आल्यावर तो दडवला नाही, ही तिची थोरवी. पण गोळीबारात गेलेली माणसे त्याने परत आली नाहीत.

आपल्या नान्नजची कथा दुसऱ्या टोकाची. १९७९ मध्ये सोलापूर-नगर जिल्ह्यांतला ८,४९६ चौरस किलोमीटरचा टापू माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, बागायती शेती होती. जमिनीची खरेदी-विक्री अडू लागली, घराला परवाना मिळेना, आणि लोकांच्या मनात माळढोक म्हणजे संकट असे समीकरण बसले. तीस वर्षांनी क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. तोवर कालव्याचे पाणी आले होते, ऊस आणि द्राक्षे आली होती, माळाचे तुकडे झाले होते. पक्षी गेला तो गेलाच. देशभर मिळून माळढोक आता दीडशेच्या आसपास उरले असावेत, बहुतेक राजस्थानात. या सगळ्यात एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. माळढोक कधीच 'अस्पर्श' भूमीचा पक्षी नव्हता. अंडी तो गवतात घालायचा, पण चरायला ज्वारी, करडई, भुईमुगाच्या कोरडवाहू रानात उतरायचा. त्याच्या घराचा निम्मा भाग शेतकऱ्याने कसलेला होता. सगळे बंद करून तो वाचला नसता आणि सगळे मोकळे सोडूनही वाचला नाही. कोरडवाहू शेती, कुरण आणि चराई यांची जुनी वीण टिकवणे हेच त्याला वाचवणे होते. तेवढी बारकाई ना अधिसूचनेत होती ना पाटबंधाऱ्याच्या आराखड्यात.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग माणसाने हवे तिथे हवा तसा हात घालावा काय? अजिबात नाही. प्रश्न हात लागला की नाही हा नसून कसला हात लागला हा आहे. मेंढराचे खूर, विळा, अधूनमधूनचा वणवा हे गवताने हजारो वर्षे सोसले आहे. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, वरून खाल्ले-कापले तरी ते फुटते. नांगर, जेसीबीचा दात आणि झाडासाठी घेतलेला खड्डा मात्र मुळांचे जाळे उलथून टाकतात. याच नेर्लेकर यांनी जोसेफ वेल्डमन यांच्याबरोबर २०२० मध्ये जगभरच्या गवताळ प्रदेशांचा आढावा घेऊन दाखवले, की जुने कुरण एकदा मोडले की त्याची वनस्पतींची श्रीमंती परत यायला किमान शतक लागते, पुष्कळदा त्याहून कितीतरी अधिक. न नांगरलेली जमीन मौल्यवान आहे ती याच अर्थाने. तिथे कुणाचे पाऊल पडले नाही म्हणून ती मोलाची होत नाही.

म्हणून मला सलग समतल चरांबद्दलही बोलायला हवे, आणि ते अनेकांना रुचणार नाही. पाणी अडवा-पाणी जिरवा हे महाराष्ट्रात जवळजवळ धर्मकार्य झाले आहे. उघड्या, धुपलेल्या उतारावर चर घेणे योग्यच. पण जिथे गवताची साय शाबूत आहे तिथे ती साय आधीच पाणी मुरवत आणि माती धरून असते. तिथे यंत्राने दर काही मीटरवर समांतर चर ओढणे म्हणजे धूप थांबवण्यासाठी माती उघडी करणे. चराच्या भरावावर मग तण माजते किंवा पुन्हा गिरिपुष्प. छायाचित्र सुंदर येते, हिरव्या-तांबड्या पट्ट्यांचे.

चराईबाबतही गुळमुळीत बोलून चालणार नाही. अतिचराई आहे. बारमाही एकाच जागी गावची सगळी जनावरे सोडली तर चांगली गवते संपतात आणि निरुपयोगी तण उरते. गावोगावचे गायरान पाहिले की हे कुणालाही दिसेल. पण गायरान एवढे का दाबले जाते? कारण आजूबाजूचे कुरण नांगरात, वसाहतीत आणि लागवडीच्या कुंपणात गेले. दहा जागी फिरणारे कळप दोन जागी कोंबले, आणि मग त्या दोन जागांची दशा बोट दाखवून सांगितली. मेंढपाळाचा धंदा चालण्यावर उभा आहे. दसरा-दिवाळीनंतर वाडा निघतो, घोड्यावर संसार, कोकरे पाठीवर. कुठला वाडा घाट उतरून कोकणात जातो, कुठला विदर्भाकडे. वाटेत शेतकऱ्याच्या रानात रात्री वाघर लावून मेंढरे बसवतात, लेंडी-मूत तिथेच पडते, मोबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. तेवढे महिने माळ मोकळा असतो आणि बी पडून रुजायला सवड मिळते. 'कुरण' ही व्यवस्थाही याच शहाणपणाची. पावसाळाभर राखायचे, बी पडल्यावर कापायचे, मग जनावरांना खुले करायचे. पेशव्यांच्या पागा काय पॅकबंद चाऱ्यावर चालत नव्हत्या. आदर्श गावांच्या कथांतून आपण 'चराईबंदी' हा शब्द उचलला आणि त्याचा मंत्र केला. राखणे आणि कायमचे बंद करणे यांतला फरक मात्र सोडून दिला.

आता सौर ऊर्जा. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायलाच हवी, रात्री पाणी धरायला गेलेल्या माणसाला साप चावल्याच्या बातम्या आपण पुरेशा वाचल्या आहेत. पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी आणि गायरान जमिनीकडे ज्या सहजतेने पाहिले गेले, ती सहजता याच 'तिथे काय आहे' मधून येते. खासगी नापीक शेत भाडेपट्ट्याने घेण्याची सोय त्याच योजनेत आहे. ते शेत आधीच नांगरलेले असते आणि भाडे शेतकऱ्याच्या घरात जाते. गायरान घेणे सोपे पडते कारण तिथे सातबारावर भांडायला कुणी नसते. ज्यांचे पोट तिथे भरते त्यांचे नाव कागदावर नाही, एवढाच तो सोपेपणा.

गायरानावर आणखी एकाचा हक्क आहे आणि गवताच्या बाजूने लिहिणाऱ्याने तो टाळून पुढे जाऊ नये. मराठवाड्यात आणि इतरत्र भूमिहीन दलितांनी गायरानाचे तुकडे कसायला घेतले. त्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या सत्याग्रहाची परंपरा आहे, ज्यात लाखो माणसे तुरुंगात गेली. गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा, असे सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात जानेवारी २०११ मध्ये सांगितले. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद केला आहे, हे सोयीस्कर विसरले जाते. गवताचा कळवळा दाखवून दोन एकर कसणाऱ्याला उठवायचे आणि त्याच गायरानातले पन्नास एकर कंपनीच्या कुंपणात द्यायचे, या प्रकाराला संवर्धन म्हणायला मी तयार नाही.

अगदी हात लावू नये अशा जागा असतातच. देवराईत कुऱ्हाड नको, तणमोराच्या विणीच्या गवतात जून ते सप्टेंबर जनावर नको, लांडगीच्या विवराजवळ कॅमेरा घेऊन जमणारी गर्दी तर मुळीच नको. पण ही बंदी त्या जागेच्या आणि त्या जिवाच्या गरजेतून ठरते. 'जंगल' या पदवीतून ठरत नाही. आपला कायदा मात्र पदवीच पाहतो. विदर्भातली झुडपी जंगले ही वनजमीनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावे लागले. निकाल स्वागतार्ह, पण त्यातून दिसते ते हेच: संरक्षण हवे असेल तर झुडपाने आणि गवताने आधी जंगल म्हणून नाव लावून घ्यायचे. गवताला गवत म्हणून उभे राहायला जागा नाही. आणि जंगल म्हणून नाव लागले की लागवडीचा ट्रक मागोमाग येतोच.

म्हणून दोन मागण्या. पडीक जमिनीच्या यादीतून गवताळ आणि काटेरी माळ वेगळे काढा, त्यांना स्वतःचे नाव आणि स्वतःचे नियम द्या. त्या नियमांत फिरत्या मेंढपाळांच्या चराईला जागा असू द्या. वनहक्क कायद्याने २००६ मध्येच त्यांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे, तो कागदावरून वाटेवर येऊ द्या. आणि गवताचा माळ हा वृक्षलागवडीसाठी अपात्र, असे स्पष्ट लिहा.

हे वरून व्हायला वेळ लागेल. तोवर ग्रामसभेच्या हातात थोडे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची नोंदवही असते. बहुतेक ठिकाणी ती कुणीतरी बाहेरून भरून दिलेली आणि कपाटात ठेवलेली. ती बाहेर काढा. गावातल्या एखाद्या जुन्या मेंढक्याला बसवून माळावरच्या गवतांची नावे तिच्यात लिहून घ्या, कोणते गवत कधी फुलते आणि टिटवी कुठल्या बाजूला अंडी घालते तेही लिहा. येत्या जूनमध्ये खड्डे घ्यायला यंत्र आले, तर ती नोंदवही ग्रामसभेत ठेवा आणि लागवड करणाऱ्याला विचारा की यातले काय काय मरणार आहे. लेखी उत्तर मिळेपर्यंत यंत्राला माळावर चढू देऊ नका.